भिवा हवालदार आणि चौदावा बूट

फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांना मिसरूड फुटलं नव्हतं पण खोटं बोलणं मात्र बऱ्यापैकी जमायला लागलं होतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या माथ्यावर, काळ्या दगडाच्या उघड्या सड्यावर कातळवाडी नावाचं गाव वसलेलं. नाचणी तिथं रडतखडत यायची. शिपाई मात्र भरघोस पिकायचे.

कातळवाडीच्या माणसांना गर्व एकाच गोष्टीचा. पायांचा. गावात कुणी वहाण घालत नसे. आमच्या पायात काटा गेला तर काटाच मोडतो, असं ते सांगायचे, आणि सांगता सांगता लंगडायचे. "लंगडतोस का रे?" विचारलं तर म्हणायचे, "कोण? मी?" पाय दुखतो हे कबूल करणं म्हणजे बापाचं नाव बुडवणं. हसू नका. तुमच्यातले दोघे आत्ताच दगडावर ठेचकाळून आलेत आणि काही झालंच नाही असं तोंड करून बसलेत.

त्या गावात भिवा हवालदार होऊन गेला. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी तो पलटणीत नाईक होता. सुट्टीवर आला आणि गावातले दहा तरणे गडी भरतीला घेऊन गेला. त्यांत त्याचा पाठचा भाऊ राया होता. चार वर्षांनी परत आला तो एकटा भिवा. हवालदार झाला होता. छातीवर पदक होतं, डाव्या पायाची तीन बोटं नव्हती.

रायाची बायको गजरा उंबऱ्यात उभी होती. तिच्या कडेवर सावळा, बापानं कधीच न पाहिलेला. भिवा एवढंच म्हणाला, "राया कामी आला." आणि विहिरीवर जाऊन पाय धूत बसला. दिवस मावळेपर्यंत धूत होता, असं म्हणतात.

पुढचं गावानं आपणच रचलं. राया सात गोळ्या खाऊन पडला. काही वर्षांनी त्या नऊ झाल्या. वेशीवर रायाच्या नावाचा दगड उभा राहिला, त्याला शेंदूर लागला. पोरं सावळ्याला वीराचा पोरगा म्हणू लागली. भिवानं त्यातलं काही खोडलं नाही.

गजरा त्याच्याशी बोलत नसे. धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत. पदर पुढं ओढून ती त्याच्यासमोर भाकरी ठेवायची आणि मागं सरायची. आता ही रीत होती की राग होता, हे त्या पदराखाली कुणाला दिसणार? अशी अठरा वर्षं गेली.

त्या वर्षांत भिवानं एक उद्योग काढला. भरतीत नाव लागलेल्या पोरांना तो चाळीस दिवस सड्यावर राबवायचा. पेठेतल्या मोच्याकडून त्यानं रेड्याच्या कातड्याचे, तळाला खिळे ठोकलेले बूट शिवून आणले होते. लाकडासारखे कडक. ते पायात चढवले की कातळवाडीचा वाघ बदकासारखा चालायचा. बाया धुणं टाकून बघायला यायच्या.

भिवा स्वतः कातळावर डोळे मिटून बसायचा आणि पोरांना समोरून पळवायचा. नुसत्या आवाजावरून सांगायचा, "तिसऱ्या, डाव्या टाचेला फोड आलाय. पाचव्या, करंगळीचं नख वाढलंय, काप." बूट काढून बघावं तर अगदी तस्संच. पुढं पुढं तर फोड यायच्या आदल्या दिवशी तो सांगायचा, असं म्हणतात.

आणि बसल्या बसल्या बोलत राहायचा.

"ऐका रं. छावणीत कवायत शिकवनारा उस्ताद तुमच्या आयशीवरनं शिव्या दील. त्यानं तुमची आय बघितलेली न्हाई. मनावर घ्यायचं न्हाई."

"पळताना पयला येऊ नका, त्यो तुमाला रोज पयलं आणायला बघंल. शेवटचं बी येऊ नका. मधी ऱ्हावा."

"बसा म्हनलं की झोपा. वाढलं की खावा. फुडचं कवा मिळंल ते खुद्द सायबाला बी ठावं नसतंय."

"रडायचं आसंल तर पळताना रडा. घामात कळत न्हाई."

एकानं विचारलं, "हवालदार, जो मागं पडंल त्याचं काय करायचं?"

"त्याची बंदूक तू घ्यायची. लई पुन्यवान समजू नगंस सवताला, त्यो थांबला की समद्यांना परत पळाया लावत्यात."

आणि दिवस संपला की तेच एक, मारुतीच्या आरतीसारखं: "पाय दावा." पोरं एका रांगेत बसायची आणि भिवा एकेकाचा पाय पुढ्यात घेऊन बोट न् बोट फाकवून बघायचा. पोरांचा जीव कासावीस व्हायचा. थोरल्या माणसानं लहानाच्या पायाला हात लावायचा म्हणजे केवढं पाप! पण भिवा हातातल्या काठीनं टाळकं शेकायचा, आणि पाप परवडलं असं पोरांना वाटायचं.

मग एका वर्षी सावळ्याचं नाव भरतीत लागलं.

गजरानं तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी पेटवली. भिवानं सावळ्याला रांगेत सातवा उभा केला, इतरांपेक्षा दुप्पट पळवला, इतरांपेक्षा दुप्पट शिव्या दिल्या. पण पाय बघायची वेळ आली की सावळा उठून उभा राहायचा. "काका, तुमी माज्या बापाच्या जागी. तुमचा हात पायाला लागला तर मला पाप लागंल."

हे शब्द ऐकले की भिवाच्या हातातली काठी खाली यायची. बाकी सहा जणांना त्यानं झोडपून गप्प केलं असतं. सावळ्यापुढून मात्र तो उठायचा. तो म्हणायचा, "बरं. तुजं तू बघ."

चाळिसाव्या दिवशी सकाळी पोरं निघाली. खाली खिंडीत भरतीची माणसं थांबली होती. तिथून पायी तालुक्याला, पुढं आगगाडीनं छावणीत. सगळं गाव वेशीवर जमलं. भिवा नेहमीसारखा कातळावर डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "चला. एक येळ ऐकून घेतो."

सात जण. चौदा बूट. खट्ट, खट्ट, खट्ट. तेरा बुटांनी खरं सांगितलं. चौदावा बूट खोटं बोलला.

त्याचा आवाज मऊ होता. आत चिंध्या कोंबल्याशिवाय खिळ्याच्या बुटाचा असा आवाज येत नाही. भिवानं डोळे उघडले. सावळा ताठ चालत होता, गावातल्या कुठल्याही गड्यापेक्षा ताठ. कपाळावर मात्र घाम होता, आणि ऊन अजून वर आलं नव्हतं.

"सावळ्या, बूट काढ."

"कायबी झालं न्हाई, काका."

"काढ म्हंतो."

"पाय दावला तर तुमी मला ठेवून घ्याल. वीराचा पोरगा मागं ऱ्हायला म्हनून गाव तोंडावर थुंकंल." सावळ्याचा आवाज फाटला. "आन तुमी हात लावायचा न्हाई. मला पाप लागंल."

तेव्हा भिवा हवालदारानं जे केलं ते त्या सड्यावर आधी कुणी केलं नव्हतं. तो उठला, तीन बोटं नसलेला पाय ओढत पुढं आला, आणि सगळ्या गावासमोर त्यानं पुतण्याच्या बुटावर डोकं ठेवलं. बाया किंचाळल्या. पाटील ओरडला, "भिवा, येड लागलं का तुला?" सावळा पाय मागं घ्यायला गेला, पण भिवानं दोन्ही हातांनी बूट धरून ठेवला होता.

खाली बघतच तो बोलला. "राया गोळीनं न्हाई मेला. एक बी गोळी न्हाई लागली त्याला. लढाईवर जानाऱ्या बोटीत बी चढला न्हाई. छावणीत, शिकाऊ असताना, इसाव्या दिशी बुटानं मेला."

मागची माणसं ऐकायला पुढं सरकली.

"टाचंला फोड हुता. एवढासा. मी त्याचा नाईक, समद्यांचं पाय बघायचं काम माजं. त्यो म्हनला, दादा, तू थोरला, माज्या पायाला हात लावू नगंस, मला पाप लागंल. मला बरं वाटलं. भाऊ मान देतोय म्हनून बरं वाटलं. मी बघितलं न्हाई. चौथ्या दिशी त्याला ताप भरला. पाय मांडीपातूर काळा झाला. बूट कापून काढला तवा आत..." त्यानं बूट आणखी घट्ट धरला. "त्यो शेवटपातूर म्हनत हुता, कायबी झालं न्हाई, दादा."

पाटलानं शेंदूर लावलेल्या दगडाकडं बघितलं आणि मान फिरवली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग अठरा वर्सं आमी कशाला..." तेवढ्यात गजरा पुढं आली.

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. भिवानं तिचं तोंड अठरा वर्षांनी पाहिलं. ती त्याच्याकडं बघून बोलली नाही. मुलाकडं बघून बोलली.

"सावळ्या, बस."

सावळा बसला.

"भावजी," ती म्हणाली, थोरल्या दिराला, अख्ख्या गावादेखत, "त्याचा पाय धरा."

बूट निघेना. विळ्यानं कापावा लागला. आतल्या चिंध्या पायाला चिकटल्या होत्या, आणि वास असा आला की पुढची माणसं मागं सरली. घोट्यापासून वर एक काळसर रेघ चढायला लागली होती, बोटभर. भिवानं विळा निखाऱ्यावर धरला, जखम चिरली, आणि तोंड लावून सगळी घाण ओढून थुंकली. पुन्हा ओढली. दुपार होईपर्यंत ओढत होता. रेघ तिळातिळानं खाली उतरताना माणसांनी डोळ्यांनी पाहिली, असं म्हणतात. मी नव्हतो तिथं, तुम्हीही नव्हता, तेव्हा वाद घालू नका.

सहा जण खिंडीकडं गेले. सावळा राहिला.

तिसऱ्या दिवशी सावळा उठून बसला आणि भिवा आडवा झाला. आधी ओठ सुजले, मग गळा. पाणी जाईना. गजरा उशाशी बसून ओलं फडकं त्याच्या तोंडाला लावत होती, उघड्या चेहऱ्यानं, पदर खांद्यावर. काय बोलली ते कुणाला कळलं नाही. सातव्या दिवशी सकाळी भिवानं हातानं खूण केली. सावळ्यानं पाय पुढं केला. भिवानं बोटं फाकवून बघितली, एकेक करून, आणि पाचव्या बोटावर त्याचा हात तसाच राहिला.

भिवा गेल्यावर गावानं रायाचा दगड उपटायचं ठरवलं तेव्हा गजरा आडवी आली. "माजा धनी गेला न्हवं का? मग ऱ्हाऊ द्या." दगड राहिला.

पुढल्या वर्षी सावळा भरतीला गेला आणि दुसऱ्या मोठ्या लढाईतून आपल्या पायांनी परत आला. तो सांगायचा की छावणीत दुपारच्या विसाव्याला, शिकाऊ रिकरूट पोरं भिंतीच्या सावलीत आडवी झाली की एक म्हातारा फिरकायचा. अंगावर जुनी खाकी, डावा पाय ओढत. रांगेतल्या कातळवाडीच्या पोरापुढं बसायचा, बूट काढायचा, बोटं बघायचा आणि पुढं जायचा. तोंड दिसायचं नाही. उस्तादही त्याला हटकायचा नाही, असं म्हणतात.

आजही कातळवाडीतून कुणी पलटणीला निघाला की वेशीवर थांबतो. पोरगा कातळावर बसतो. घरातलं सगळ्यांत थोरलं माणूस खाली बसून त्याचे पाय धुतं, पुसतं, बोट न् बोट फाकवून बघतं. म्हाताऱ्यांना कमी दिसतं, म्हणून ते हातानं बघतात आणि वेळ लागतो. कुणी घाई करत नाही. पाप लागेल असं म्हणणाऱ्या पोराला त्या वर्षी घरीच ठेवतात.

आणि निघताना पोरानं त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचं नसतं. ते परत आल्यावर. आपल्या पायांनी वेशीपर्यंत चालत यायचं, आणि मग वाकायचं. गावात आज नऊ म्हातारे असे आहेत, ज्यांच्या पाया कुणीतरी पडायचं अजून राहिलंय.