वस्तादांची पाठ

“जोरात कशी पळती ते विचारलं न्हाई मी. हळू कशी चालती?”

शिकलगार वस्तादांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा हर्षवर्धन मगदूम गप्प झाला.

आता हा हर्षवर्धन म्हणजे सहजी गप्प बसणारा गडी नव्हे. कोल्हापुरात शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या पोरांत त्याचं नाव होतं. बारा वर्षांची साधी घरगुती गाडी घेऊन त्यानं तिला टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर बसवले, इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्टही रेसचा घातला. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं न् ठिणगी कधी पाडायची, हे सांगणाऱ्या कॉम्प्युटरचे आकड्यांचे रकानेही स्वतःच भरले. सरळ रस्त्यावर ती गाडी वाऱ्याला ऐकत नाही, असं त्याचे दोस्त म्हणायचे. तोही म्हणायचा.

उद्यमनगरातल्या याच गॅरेजात त्यानं पहिला पाना हातात धरला होता. मग सहा वर्षांपूर्वी शिंगं फुटली न् तो निघून गेला. आज सकाळी सकाळी परत आला होता, लॅपटॉप काखेत मारून.

“हळू चालवताना जरा... गचके देती,” तो म्हणाला.

“जरा?”

“आयडलिंगला, जागेवर उभी असताना, धरत न्हाई. पहिल्या गिअरात क्लच सोडला की आधी मरगळती, मग एकदम उसळती. कधी बंद पडती. एवढंच. तुमचा हात लागला की होईल.”

वस्ताद बाकावर बसले होते. सत्तरीचा माणूस, डावा पाय गुडघ्यात वळत नसे, तो तसाच समोर ताठ ठेवलेला. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. ते हर्षाच्या हातांकडे बघत होते.

“कुणाच्या अंगावर गेली?”

हर्षानं काखेतला लॅपटॉप सावरला.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दोस्तांना तर ताकास तूर लागू दिली नव्हती.

“वस्ताद, तसं काय...”

“हर्षा.”

“...अण्णांच्या.”

अण्णा म्हणजे त्याचे वडील. काल सकाळी अण्णा वाकून फाटकाची कडी काढत होते. हर्षानं क्लच सोडला. गाडी थरथरली, मेल्यासारखी झाली, म्हणून त्यानं पायाखाली थोडं पेट्रोल वाढवलं. आणि गाडीनं उडी मारली. त्यानं ब्रेकवर पाय दिला तर ब्रेक दगडासारखा! बंपर अण्णांच्या गुडघ्याला टेकला तेव्हा कुठं इंजिन बंद पडलं. अण्णांनी पायजम्यावरची धूळ झटकली न् आत गेले.

संध्याकाळी ते पाळण्याची कडी तुळईला अडकवत होते. हर्षाकडे पाठ होती. तशातच म्हणाले, “आपण एस्टीनं आणूया का रे तिला?”

हर्षा रागानं जेवला नाही. पण झोपही आली नाही. डोळा लागला की फाटक दिसायचं.

“उद्या कुठं निघालायस?” वस्तादांनी विचारलं.

“वैभववाडीला. वृषाली बाळंतपणाला माहेरी गेली होती, सव्वा महिना झाला. तिला न् पोरीला आणायचंय.”

“घाटानं.”

“व्हय.”

“घाटात ट्रकच्या मागं पहिल्या गिअरात रांगावं लागतंय. चढाला थांबावं लागतंय, परत उचलावी लागती. बाळ मांडीवर.”

“म्हणून तर आलोय की तुमच्याकडं!” हर्षाचा आवाज चढला न् मध्येच चिरकला. “सासऱ्यांना सांगून बसलोय, लेक माझ्याच गाडीतनं घरी येणार म्हणून. आता माघार कशी घिऊ?”

वस्ताद उठले. ताठ पाय ओढत गॅरेजच्या मागच्या दारानं बाहेर गेले.

मागं दोन फौंड्र्यांच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांच्या, भिंतींमधली गल्ली होती. गाडी जेमतेम जाईल, आरसे घासतील की काय वाटेल, एवढी अरुंद. ऐंशी पावलांवर तिचं तोंड मोठ्या रस्त्याला उघडत होतं. मधे कुठं दार नाही, कोनाडा नाही. माणसाला अंग चोरायलाही जागा नाही.

“गाडी आण हितं.”

हर्षानं आणली. गचके खात, दोनदा बंद पाडून आणली.

वस्ताद गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. बंपरला पाठ करून. मधे दोन विती अंतर.

“मी चालतो. तू मागनं ये.”

हर्षानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वस्ताद, बाजूला व्हा!”

“बाजू कुठाय?”

“मग मी न्हाई चालवत.”

“उद्या चालवणारायस न्हवं?”

...

“ये.”

गल्लीत फौंड्रीच्या भट्टीची धग येत होती, तरी हर्षाची बोटं गार पडली होती. समोर पांढरा सदरा. मानेवर सुरकुत्या. त्यानं जीव मुठीत धरून क्लच अर्धा सोडला. इंजिन कण्हलं. फेऱ्यांचा काटा खाली, अजून खाली... आता बंद पडणार, म्हणून पाय नकळत दाबला गेला.

गाडी उसळली.

त्यानं दोन्ही पाय ब्रेकवर मारले. “या अल्ला!” कुणीतरी ओरडलं. ते आपणच ओरडलो, हे त्याला नंतर कळलं. वस्तादांच्या तोंडचे शब्द सहा वर्षांनी त्याच्या तोंडून बाहेर पडले होते.

इंजिन बंद पडलं होतं. बंपर वस्तादांच्या पोटरीला चिकटला होता.

वस्तादांनी वळून बघितलं नाही.

“कुठले रकाने भरले न्हाईस?” त्यांनी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

हर्षा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. चांगला तीस वर्षांचा बाप्या, पण लहान पोरासारखा रडत होता.

“खालचे,” तो म्हणाला. “मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या खालचे. दुसऱ्या कुणाच्या गाडीचे उचलून टाकले. वरचे समदे मी भरले, वस्ताद. एकेक रकाना. पंधरा दिवस लागले.”

“आन् खालचे का न्हाईत?”

“ताकद मोजायच्या मशीनच्या कागदावर ते येतच न्हाईत. तिथं कोण बघतंय?”

वस्ताद लंगडत गाडीला वळसा घालायला गेले, पण जागा नव्हती. मग बॉनेटवर हात टेकून तिथंच उभे राहिले.

“तुमचा पाय... कशानं गेला, वस्ताद? कधी बोलला न्हाईत.”

“जोरात येणाऱ्या गाडीपुढं कोण थांबतंय रं? कुत्रंसुद्धा पळतंय. हळू गाडीपुढं माणसं उभी ऱ्हात्यात. भरवशानं.”

एवढंच बोलले. कुणाची गाडी, चालवत कोण होतं, ते हर्षानं विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

“जुना कॅमशाफ्ट कुठं टाकलास?”

“घरी माळ्यावर हाय. पण वस्ताद, तो घातला तर वरची ताकद...”

“ब्रेक दगड का झाला?”

हर्षाला उत्तर ठाऊक होतं. रेसच्या कॅमशाफ्टनं कमी फेऱ्यांवर इंजिनाची हवेची ओढ मरते, आणि त्या ओढीवरच ब्रेक हलका लागतो. ठाऊक तर पहिल्यापासून होतं. पण वीस घोड्यांची जादा ताकद कुणाला नको असते?

त्यानं गाडी मागं गॅरेजात घेतली न् घरी जाऊन माळ्यावरून कागदात गुंडाळलेला कॅमशाफ्ट आणला. अण्णांनी दारातून बघितलं.

दुपारपर्यंत त्यानं एकट्यानं काम केलं. वस्तादांनी पान्याला हात लावला नाही. बाकावर बसून चहा प्यायले, दुपारचा नमाज पढून आले, एका रिक्षाचा कार्बोरेटर साफ करायला घेतला.

कॅमशाफ्ट बसल्यावर ब्रेक मऊ लागायला लागला. मग हर्षानं लॅपटॉप उघडला न् खालचे रकाने पुसून कोरे केले.

“आता मी रोज चालवतो तशी...” तो म्हणायला गेला.

“मला सांगू नगंस. भरून झालं की हाक मार. मी येऊन पुढं हुभा ऱ्हातो.”

“म्हंजे?”

“कधी बोलवायचं ते तू ठरव.”

लोक म्हणतात भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही. हर्षाचं त्या दिवशी भीतीनंच चाललं. आठशे फेऱ्या. नऊशे. हजार. थंड इंजिनाला वेगळं, तापल्यावर वेगळं. पंखा लागला की इंजिन बसतं का? दिवे लावले की? त्यानं रिकाम्या गल्लीत गाडी पंधरा वेळा नेली न् आणली. थांबवली, उचलली. परत थांबवली.

तीन वाजता त्याला वाटलं, जमलं. हाक मारायला तोंड उघडलं.

...पण समोर तो पांढरा सदरा आला. पोटरी आली. त्यानं तोंड मिटलं न् परत लॅपटॉपवर बसला. पंखा लागताना इंजिन अजून जरासं दचकत होतं. एरवी त्याला ते दिसलंही नसतं.

चार वाजता परत तेच. आता दचका नव्हता. पण ब्रेक लावून सोडला की हजारावरून सहाशेवर पडून मग सावरत होतं. सहाशे! तेवढ्यात उडी मारली तर?

पाचला त्यानं हात जोडले.

“वस्ताद, माझ्यानं न्हाई होणार. मी तुम्हाला पुढं उभं करू शकत न्हाई.”

“मग नगं करूस,” वस्ताद म्हणाले, न् कार्बोरेटरच्या भोकात फुंकर मारत बसले.

हर्षा परत गेला. जाणार कुठं?

फौंड्रीची पाळी सुटली तेव्हा उन्हं भिंतीच्या वरच्या विटांवर चढली होती. गॅरेजच्या मागच्या दारात, गल्लीकडे तोंड करून गाडी चालू होती. इतकी शांत, की बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. हर्षानं अर्धा तास त्या पाण्याकडे बघितलं. मग पेला उचलला.

“वस्ताद...” त्यानं हाक मारली. “या.”

वस्ताद आले. सकाळच्याच जागी, पाठ करून, दोन विती पुढं उभे राहिले. आणि चालायला लागले.

हर्षानं क्लच सोडला.

गाडी सरकली. ताठ पाय जसा ओढत होता, तसं मागून चाक फिरत होतं. दहा पावलं. वीस. त्याला अण्णा दिसत होते, वाकलेले. पाळण्याची कडी दिसत होती.

चाळिसाव्या पावलाला वस्ताद एकाएकी थांबले.

हर्षाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मधे एक वीत. इंजिन जागच्या जागी गुरगुरत होतं, ना दचकलं, ना मेलं.

वस्ताद परत चालायला लागले. गाडीही चालायला लागली. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आला, गाडी भिंतींतून बाहेर निघाली न् तिथं दोघं थांबले.

हर्षानं गाडी बंद केली न् धावत पुढं गेला. तेव्हा त्याला दिसलं, वस्तादांचा सदरा पाठीला चिकटला होता. मानेपासून कंबरेपर्यंत ओलाचिंब.

हर्षाला ते दिसलं, पण आनंदाच्या भरात त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. दिवसभराचा दगड छातीवरून उतरला होता. त्यानं वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला, त्या ताठ पायालाही.

“वस्ताद, जिंकलो! एकदम लोण्यासारखी चालती. उद्या सासऱ्यांना दाखवतोच.” त्यानं गाडीची किल्ली वस्तादांच्या हातात ठेवली. “तुमच्या हातानं द्या मला. शकुन म्हणून.”

वस्तादांनी किल्ली घेतली. त्याच्याकडे बघितलं.

“सकाळची भीती?”

“गेली!” हर्षा हसला. “पार गेली, वस्ताद. आता घाट म्हंजे काय, डोळं मिटून उतरीन.”

वस्तादांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली न् गॅरेजकडे पाय ओढत निघाले.

“मग उद्या एस्टीनं जा.”