सोनेरी वेलीखालची चीर

बंदुका आल्या आणि धनुष्यं खुंटीला लागली, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात दोन जुनी धनुष्यं शेजारी टांगली होती. एक बांबूचं, हाताच्या घामानं काळं पडलेलं, पण धडधाकट. दुसऱ्याला उभी चीर गेलेली. दुकानदारानं तिच्यात लाख भरून वर सोनेरी वेल काढली होती. आज जे विकलं जाणार नाही ते चुलीत घालीन, असं तो सकाळीच म्हणाला होता.

"जुनी धनुष्यं जमवणारे सरदार येतायत," बांबूचं म्हणालं. "ताणलं की चीर बोलते, बाबा. आज तुझं काही खरं नाही."

"ताणलं तर ना!" सोनेरी हसलं.

सरदार आले. मोठे जाणकार म्हणे! त्यांनी वेलीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणत्या राजाचं?" दुकानदारानं तोंडाला आलं ते नाव सांगितलं.

"अहो सरदार, दोघांना ताणून तर बघा!" बांबूचं ओरडलं.

"गप रे काळ्या! भिंतीवर लावायची वस्तू कुणी ताणतं का?" सरदार म्हणाले.

सोनेरी दिवाणखान्यात गेलं. तिथं त्याला कुणी कधी ताणलं नाही, म्हणून ते आजही अस्सल आहे.

संध्याकाळी दुकानदारानं बांबूचं गुडघ्यावर मोडायला घेतलं. ते नुसतं वाकलं, मोडेना. शेवटी कुऱ्हाड आणावी लागली.