घरातली बॅटरी गेली

शोरूमचा मॅनेजर धोंगडे गाडीची किल्ली देताना प्रत्येकाला हात जोडून सांगायचा, "आजपासून तुम्ही आमच्या घरचे." इंदुमती खांबेटे यांनाही हायब्रिड गाडी देताना त्याने तेच सांगितलं होतं. बाई पौरोहित्य करत, त्यामुळे शोरूममधली दसऱ्याची पूजाही त्यांच्याकडेच असे.

वॉरंटी संपली आणि लगेच गाडीची मोठी बॅटरी कुरकुरू लागली. दसऱ्याच्या सकाळी पूजेला आलेल्या बाईंनी धोंगडेला गाठलं. त्याने गाडीकडे न बघताच निकाल दिला, "बॅटरी गेली, मॅडम. वॉरंटीही गेली. आता नवी विकत घ्या. चला, पूजेला बसा, मुहूर्त जातोय."

नव्या गाड्या हार घालून उभ्या होत्या आणि त्यांचे मालक सहकुटुंब पेढे घेऊन. बाईंनी पूजेचं तबक शांतपणे खाली ठेवलं.

"मला नाही बसता येणार," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "धोंगडे म्हणतात, माझी बॅटरी गेली. मी त्यांच्या घरची, म्हणजे बॅटरीही घरचीच. घरात सुतक आहे. आता दहा दिवस पूजा नाही आणि शुभकार्यही नाही."

एक आजोबा मुलाला म्हणाले, "सुतकातल्या घरून गाडी न्यायची नाही. पेढे उचल."

धोंगडे धावत पुढे आला. "गेली नाही हो बॅटरी," तो घाईघाईने म्हणाला, "नुसती आजारी आहे."

"मग बरी करा," म्हणत बाईंनी तबक उचललं. "घरच्या आजाऱ्याला कुणी वॉरंटी विचारत नाही."