मागच्या सीटवरचा साक्षीदार

"पिवळा होता की तांबडा, बाबा? एवढं एकच सांगा."

भानुबाबा धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बाबा, उद्या तारीख आहे!"

"कितवी?"

"सहावी."

विचारणारा होता विश्राम गुळवे, बाबांचा शिष्य. मोजणी खात्यातला माणूस. भावाभावांत बांधाचा तंटा पडला की सरकार यालाच पाठवायचं, आणि हा दगड रोवेल ती हद्द. नजर पक्की. तिचा तोराही पक्का.

चार महिन्यांमागं तो बाबांना मोटारसायकलवर मागं बसवून तालुक्याला निघाला होता, मठासाठी ऊद आणायला. स्टँडच्या चौकात हवालदारानं शिट्टी मारली. तांबड्या दिव्यात घुसलात म्हणाला, पावती फाडली. विश्राम म्हणाला, पिवळा होता. हवालदार म्हणाला, मग कोर्टात सांगा.

माणसं अशा वेळी दंड भरतात आणि घरी जाऊन जेवतात. हा कोर्टात गेला.

पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसरीला हवालदार बंदोबस्ताला. तिसरीला कागद सापडेना. चौथीला कागद सापडला, तर वीज गेली. पाचवीला शिपायानं याच्या नावाचा तीनदा पुकारा केला, पण हा बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या एका दंडवाल्याला सिग्नल कसा बघायचा ते समजावत होता. पुकारा कानावर आलाच नाही. गेली तारीख.

"चौकातला कॅमेरा त्या दिवशी बंद होता," विश्राम म्हणाला. "माझ्या बाजूनं बोलणारं एकच माणूस आहे. तुम्ही. मागं बसला होतात ना?"

"बसलो होतो."

"मग काय दिसलं?"

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

"तुझं तोंड."

"अहो, सिग्नल विचारतोय मी!"

"तो नाही दिसला. तोंड दिसत होतं."

विश्रामनं कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, हे कोड्यातलं बोलणं मठात चालतं. कोर्टात नाही चालत! उद्या मी खोटा ठरलो, तर परवा कुणाच्या बांधावर उभा राहू? लोक म्हणतील, याला दिव्याचा रंग कळत नाही, हा आमची हद्द काय दाखवणार..."

"येतो मी," बाबा म्हणाले. "दिसलं ते सांगतो."

"पिवळा दिसला म्हणा."

बाबांनी पुन्हा चिमटा उचलला.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर न्यायाधीश बाई होत्या. सकाळपासून बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला. डोक्यावरचा पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करत होता.

"गुळवे, एवढ्याशा दंडासाठी सहा तारखा?"

"दंडाचं काही नाही, मॅडम. खऱ्याचा प्रश्न आहे."

मॅडमनी उसासा टाकला आणि बाबांकडे वळल्या.

"तुम्ही होतात गाडीवर?"

"होतो. मागं."

"दिवा कोणता होता?"

"दिवा मी पाहिला नाही, बाई. याचं तोंड पाहत होतो."

विश्राम पुढं सरसावला. "मॅडम, ते साधू आहेत, त्यांचं म्हणणं असं की..."

"तुम्ही गप्प बसा, गुळवे." मॅडमनी चष्मा वर केला. "तोंड नीट दिसत होतं?"

"नीट. कपाळावरचं भस्म, ओठावरचा तीळ. दोन्ही डोळे."

मॅडमचं पेन थांबलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

हवालदार मिशीत हसला.

"आणि हे काय करत होते?"

"बोलत होता. अकरा दिवस मौन पाळलं होतं त्यानं. ते कसं कसं पाळलं, ते मला सांगत होता. चौकापर्यंत सातवा दिवस आला होता."

मॅडमनी दोन ओळी लिहिल्या. दंड कायम. शिपायानं पुढच्या नावाचा पुकारा केला.

कोर्टात सगळ्यांना जे कळायचं ते कळलं होतं. विश्रामला मात्र एवढंच कळलं, की बाबांनी रंग सांगितला नाही.

तो तरातरा पायऱ्या उतरला. बाबांना मागं बसवलं. किक मारली. एक शब्द नाही. कोर्टाचं फाटक गेलं, भाजीबाजार गेला, पंचायत समिती गेली...

मग त्याला राहवेना.

"सहा तारखा, बाबा! सहा! आणि तुमच्या तोंडून एक रंग निघाला नाही!"

बाबांनी सीटची कडी घट्ट धरली.

"खोटं बोला म्हणालो होतो का मी? समोर जे होतं, तेवढंच तर सांगायचं होतं!"

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"तो हवालदार हसला माझ्यावर. उद्या सगळा तालुका हसेल. माझ्या शब्दाची माती केलीत तुम्ही!"

स्टँडचा चौक आला. गाडी चालतीच होती. डावीकडून कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"आज सांगून ठेवतो, यापुढं मठाची पायरी चढणार नाही मी! अहो, बोला की काहीतरी! नुसते काय बघत बसलाय?"

बाबा म्हणाले, "आत्ताही दोन्ही डोळे दिसतायत, विश्राम."