शिडीची दोरी

“दोरी कुणी सोडली?”

फार जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका गावात, एका धाकट्या भावाने हा प्रश्न दारोदार जाऊन विचारला. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, काय घडलं ते ऐका.

त्याचा थोरला भाऊ गावातल्या मोडक्या वस्तू सांधून द्यायचा. गळक्या माठाला राळ, सुरीच्या मुठीला लाख आणि लाकडाला चामडं उकळून केलेला सरस. धाकटा उतावळा. त्याला वाटायचं, जितका जास्त थापावा तितकं घट्ट बसेल.

“भाकरीवर लोणी थापतोस का?” थोरला हसायचा. “आधी जुना थर खरवड. लाकूड कोरडं कर. सरस पातळ लाव, दोरीने आवळ आणि गप बस. सुकलो म्हणून तो तुला हाक मारणार नाही.”

त्या घरात एक रीत होती. दोरी बांधलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. ज्याने सांधलं त्यानेच दोरी सोडायची. दोरी सुटली, की वस्तू वापरायला मोकळी.

एकदा थोरला राळ गोळा करायला रानात मुक्कामाला गेला. मागे घरातल्या माळ्यावर चढायच्या शिडीची पायरी तडकली. धाकट्याने त्या दिवशी अजिबात घाई केली नाही. खरवडलं, पुसलं, सरस गरम करून पातळ लावला, दोरी आवळली. उरलेल्या सरसाने पाटाचा निखळलेला पाय जोडला, तोही बांधून पोत्यांमागे ठेवला. दादा आला की दाखवू, असं त्याला झालं होतं.

तेवढ्यात वहिनीला कळा सुरू झाल्या. धाकटा सुईणीला आणायला शेजारच्या गावी धावला.

गावाची समजूत अशी, की बाळंतिणीच्या घरात गाठ राहिली तर बाळ अडतं. गावात बाळंतपणाला जिला बोलावत ती या भावांची चुलती शेजारणींना घेऊन आली. त्यांनी वेण्या सोडल्या, गाठोडी सोडली, वासराचं दावं सोडलं. शिडीची दोरीही सोडली. पोत्यांमागचा पाट कुणाला दिसला नाही.

थोरला परतला तेव्हा आतून चुलतीने सांगितलं, “माळ्यावरची जुनी लुगडी काढ रे.”

त्याने शिडी पाहिली. पायरीवरचा नवा सांधा पाहिला. दोरी नव्हती.

“शिकला आमचा उतावळा,” तो म्हणाला आणि वर चढला.

शिडीखाली दगडी जातं होतं.

धाकटा सुईणीला घेऊन आला, तेव्हा घरात बाळ रडत होतं आणि ओसरीवर दादावर चादर घातलेली होती.

“दोरी कुणी सोडली?” त्याने विचारलं.

“गाठी काय एक होत्या?” चुलती म्हणाली.

“शिडीची कुणी सोडली, काकू?”

“विचारून तो उठणार आहे का? तुझाच सरस कच्चा असेल. तुला कधी धीर होता?”

तो दारोदार तेच विचारत फिरला, पण गावाने चुलतीचं बोलणं उचललं. सरस कच्चा होता, पोरगा उतावळा होता. सगळ्यांना बरं वाटलं.

धाकट्याने पोत्यांमागचा पाट काढला. तो आता पुरता सुकला होता. चावडीवर सगळ्यांसमोर त्याने सुताराच्या हातात दिला. “हा त्याच सरसाचा, त्याच सकाळचा. तोड.”

सुताराने पाय धरून जोर लावला. शेजारचं लाकूड फाटलं, सांधा हलला नाही. लोकांनी ते पाहिलं आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठून गेले. चुलती सर्वांत आधी उठली.

तिच्या घरावरून जाताना मग लोक तिरक्या नजरेने पाहू लागले. तिला बाळंतपणाला कुणी बोलावेना. पण तोंडाने कुणी काही बोललं नाही, आणि तीही बोलली नाही.

धाकट्याला आता त्या गावात राहवेना. पण वहिनीला आणि बाळाला माळा लागणारच होता. म्हणून गाव सोडण्याआधी धाकट्याने शिडीची पायरी पुन्हा सांधली. दोरी आवळली. मग लाख वितळवून त्याने ती गाठीवर ओतली. आता ही दोरी बोटांनी सुटणार नव्हती. ती कापायला कोयता घ्यावा लागणार होता, आणि हातात कोयता घेतलेल्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही असं म्हणता येत नाही.

“सुकल्यावर तूच काप, वहिनी,” एवढंच सांगून तो गेला.

बोध: गाठ कुणी आणि कशासाठी बांधली हे विचारल्याशिवाय ती सोडू नये.