न भेटलेली माणसं

सोनवडी संस्थानच्या दिवाणांनी एकदा घरोघर फिरून लोकांचं मत मोजायला लावलं. प्रश्न एकच होता: मोमीन आळीतले मुसलमान विणकर भरवशाचे वाटतात का? शंभरातल्या एक्याऐंशी घरांनी 'नाही' सांगितलं. दिवाण खूश झाले. नदीकाठची ती आळी उठवायचा हुकूम ते लिहूनच दरबारात आले.

मोजणी केली होती शाळेतल्या अनसूयाबाईंनी. त्या उठून म्हणाल्या, "सरकार, मी प्रत्येक घरी आणखी एक प्रश्न विचारला. त्या आळीतलं तुमच्या ओळखीचं कोण, आणि ते माणूस कसं आहे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" दिवाण कडाडले.

"कोणी नाही. मलाच जाणून घ्यावंसं वाटलं."

महाराज पुढे झुकले. "मग काय कळलं?"

"कोणी म्हणालं, हुसेनभाई देवमाणूस. कोणी म्हणालं, बाळंतपणात जैनबबीच धावून आली. कासीमचाचा फार बोलतात, एवढी एकच तक्रार आली."

दिवाण हसले. "ओळखीचे चार चांगले असतील. बाकीच्यांचं काय?"

"तेच तर शोधत होते, दिवाणसाहेब. आळीत एकशे बारा माणसं राहतात. सगळीच कोणाच्या ना कोणाच्या ओळखीची निघाली. म्हणजे बिनभरवशाची आहेत ती कोणालाच न भेटलेली माणसं. त्यांना खुशाल हाकला, पण ती राहतात कुठे, तेवढं आधी सांगा."

महाराजांनी हुकूम मागून घेतला आणि फाडून टाकला.

त्याच दुपारी ते स्वतः मोमीन आळीत गेले. त्यांची स्वतःची तिथे अजून कोणाशीच ओळख नव्हती.