हात लाव गं

“मग फळ कुठंय, बाई?”

सुभक्तीनं विचारलं खरं, पण विचारताना तिचे हात थांबले नव्हते. सीताफळाची फांदी वाकवायची, डोळे उघडलेलं फळ देठाशी पिरगाळायचं, पाटीत ठेवायचं.

सलोमीबाई दारातल्या बाजेवर बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्या बायबलबाई म्हणून वस्त्यावस्त्यांवर पायी हिंडल्या, चुलीपुढं बसलेल्या बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगत राहिल्या. आता गुडघे गेले होते आणि नजर अधू झाली होती. मिशनच्या आवारातली एक खोली आणि खोलीमागचं हे सीताफळाचं झाड, एवढाच त्यांचा संसार. तरी ख्रिस्तवाडीतली कुठलीही बाई अडली की त्यांच्याच दाराशी यायची. सुभक्ती तर लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्यांच्या पायाशी बसून शिकलेली.

“कुठलं फळ?” बाई म्हणाल्या. “हातात आहे ते नव्हे ना?”

“चेष्टा करू नका, बाई.”



सुभक्तीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तिची सासू, आत्याबाई, अकरा वर्षं अंथरुणावर होती. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, रात्रंदिवस कूस पालटणं, सगळं सुभक्तीनं एकटीनं केलं. पाठीला एक जखम म्हणून होऊ दिली नाही. वर दरवर्षी चाळीस दिवसांचा उपवास धरला आणि शुक्रवारी तर पाण्याचा घोटही वर्ज्य केला. ओझं मुकाट्यानं वाहणाऱ्याच्या फांदीला प्रभू फळ धरवतो, हे बाईंनीच तिला शिकवलं होतं. ओझं तर वाहून झालं. आत्याबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. आणि आत काय आलं होतं? प्रार्थनेला बसलं की तोंड कोरडं पडायचं. प्रभूच्या मंदिरात गाणं म्हणताना ओठ हलायचे, आत कुणी गात नसायचं.

“अकरा वर्षं, बाई. कुणी बोट लावलं नाही.”

बाईंनी मान तिच्या आवाजाकडं वळवली.

“लावलं नाही… की लावू दिलं नाही?”

सुभक्तीनं पुढचं फळ पिरगाळलं. जरा जास्तच जोरानं. ते हातातच चिरलं.

बाईंनी ज्या दिवसाची आठवण काढली नव्हती, तोच दिवस तिला आठवला. धाकटी जाऊ रिबेका तेव्हा रोज यायची. राहायला वाडीतच होती, शाळेच्या मागं. येताना कधी भाजी, कधी गरम भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, अक्का, आज तू पड घटकाभर, मी बसते. सुभक्तीचं उत्तर ठरलेलं असायचं. मी आहे ना. एकदा ती बाजारातून परतली, तर रिबेकानं आत्याबाईंचे केस धुऊन, विंचरून, वेणी घातली होती. म्हातारी आरशात बघत होती. सुभक्ती काही बोलली नाही. तिनं पाणी तापवलं आणि रिबेकाच्या डोळ्यांदेखत ते केस सोडून पुन्हा धुतले.

रिबेका त्यानंतर आली नाही.

पाटी अर्धी झाली तशी सुभक्तीनं हात थांबवले आणि ती पदर खोचू लागली.

दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता. वाडीतली माणसं बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, परसातलं असेल नसेल ते, मंदिरात वेदीपुढं आणून ठेवायची. हे झाड आत्याबाईंनी लावलेलं, त्या मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या तेव्हाचं. म्हणून त्याची फळं दरवर्षी सुभक्तीच न्यायची. सणाच्या आदल्या दुपारी, दोन खेपांत.

“दोनदा का जातेस गं?” बाईंनी विचारलं. “पाटी तर मोठी आहे.”

“भरली की जड होते.”

“वाहायला?”



“…डोक्यावर घ्यायला.”

भरलेली पाटी एकटीच्यानं डोक्यावर चढत नाही. एका अंगानं आपण धरायची, दुसऱ्या अंगानं दुसरीनं. त्यासाठी वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, जरा हात लाव गं. आणि पोचलं की पुन्हा कुणालातरी म्हणायचं, उतरू लाग गं. वाडीतल्या बायका हे दिवसातून दहादा म्हणतात, विसरूनही जातात. सुभक्तीनं किती वर्षांत म्हटलं नव्हतं, हे बाईंना नीट माहीत होतं. दोन खेपांचे पाय त्यांना दरवर्षी बाजेवरून ऐकू येत होते.

“आज भर,” बाई म्हणाल्या.

“बाई…”

“काठोकाठ भर.”

शिकवणारी बाई. तिचं ऐकायची सवय मोडत नाही. सुभक्तीनं पाटी भरली, वर शीग लावली. मग तिच्याकडं बघत उभी राहिली.

बाई काठी टेकत आल्या. काठी झाडाला लावली, खांद्यावरचा जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि चाचपडत सुभक्तीच्या डोक्यावर बसवली.

“म्हण.”

“काय म्हणू?”



झाडावर कुठंतरी खार बोलली. सुभक्तीला घाम आला. एवढ्याशा दोन शब्दांना घाम यावा, याचीच तिला लाज वाटली.

“…हात लावा, बाई.”

ऐंशी वर्षांचे हात. त्यांचा जोर तो किती? पण पाटी वर चढली.

“चल, प्रार्थना करून जा,” बाई म्हणाल्या. “मान खाली घाल.”

सुभक्ती डोळे मिटून उभी राहिली. मान ताठ.

“खाली घाल की.”

“कशी घालू, बाई? पाटी आहे डोक्यावर.”

“…किती वर्षं झाली?”

सुभक्तीनं डोळे उघडले. समोर फक्त झाड होतं. भरल्या पाटीखाली माणसाला कुठं बघता येत नाही, खाली नाही, बाजूला नाही. रडायचं तर तेही सरळ उभं राहूनच रडावं लागतं. ती तशीच रडली. आणि दोन वर्षांत जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, ते झाडाकडं बघत सांगितलं.

आत्याबाईंचा शेवटचा आठवडा. खिडकीशी खाट. बोलणं जवळजवळ बंद झालेलं. तीन दिवस रोज दुपारी त्या एकच म्हणाल्या होत्या, धाकटीला बोलव. तिन्ही दिवस सुभक्तीनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मी आहे ना. चौथ्या दिवशी त्यांनी मागितलं नाही. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

“हाकेच्या अंतरावर राहते ती, बाई.”

बाईंचा हात झाडाच्या खोडावर काठी शोधू लागला.

“उतरवा आता,” सुभक्ती म्हणाली. “मान भरून आलीय.”

“मी चढवू लागले,” बाई म्हणाल्या आणि काठी हातात घेतली. “उतरवणारी मी नव्हे.”

मिशनच्या फाटकापासून दोन वाटा फुटतात, एक मंदिराकडं आणि एक शाळेच्या मागं. सुभक्ती फाटकात उभी राहिली. मंदिराला उंच पायऱ्या होत्या, तिथं पाठ टेकवून पाटी सरकवता आली असती, ती युक्ती तिला पाठ होती. मान ठणकत होती. ती शाळेच्या मागं वळली.

रिबेकाचं दार उघडं होतं. अंगण सारवलेलं, पण ओबडधोबड, पोतेऱ्याचे फराटे सगळे एकाच अंगाला गेलेले. सुभक्तीच्या ते नजरेत आलं, तरी अर्थ डोक्यात शिरला नाही.

“रिबेका.”

आतली भांडी वाजायची थांबली. रिबेका दारात आली. पाटी पाहिली, पाटीखालचं तोंड पाहिलं. इतक्या वर्षांनी जाऊ तिच्या दारात आली होती.

“हात लाव गं,” सुभक्ती म्हणाली.

रिबेकानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. तो दोरी तुटलेल्या पोहऱ्यासारखा खाली पडला.

“हात मागायला बरी आलीस, अक्का. एकच उरलाय.”

आषाढात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, हात नाही. सुभक्तीनं महिला मंडळात तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली होती, आमच्या रिबेकाबाईंना बरं कर म्हणून. सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. तिला काय झालंय, एवढं मात्र सुभक्तीनं कुणाला विचारलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी बघते कशी…”

“गप उभी राहा.”

रिबेका पुढं आली. डावा हात पाटीच्या काठाला लावला. दोघींनी मिळून पाटी उतरवली, म्हणजे उतरवायला गेल्या. तीन हातांचा तोल तो किती राहणार? पाटी एका अंगाला कलंडली आणि सगळी सीताफळं अंगणभर उधळली. पिकलेली फुटली, कडक होती ती घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली.

सुभक्ती मटकन खाली बसली. आता मान वाकत होती. ती वाकवून, जमिनीकडं बघत, तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं. तीन दुपारी, तीन हाका, मी आहे ना. कुठलाही शब्द मऊ केला नाही.

रिबेका ऐकत होती. मग तीही हळूच खाली टेकली, निजलेला हात मांडीवर घेऊन.

“तिसऱ्या दुपारी मी खिडकीखाली होते, अक्का.”

“…कुठं?”

“तुझ्या खिडकीखाली. रोज यायची मी. भिंतीपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. त्या दिवशी ऐकू आलं. धाकटीला बोलव. तुझंही ऐकू आलं.” तिनं एक फुटकं फळ जवळ ओढलं. “हाक मला होती. दार उघडंच होतं. पण म्हटलं, अक्का बोलवेल तर जाईन. तिनं बोलवल्याशिवाय नाही.”



माफ कर, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायचं कोणाला? जिला म्हणायचं, ती दोघींचीही वाट बघून गेली होती.

मुंग्या लागायला लागल्या तशी सुभक्तीनं हात पुढं केला. फुटलेलं सीताफळ टिकत नाही, ते तिथंच खावं लागतं. एका हातानं फोडताही येत नाही. तिनं फोडलं आणि अर्धं रिबेकाच्या डाव्या हातात दिलं. आत्याबाईंच्या झाडाचं फळ पहिल्यापासून गोड, पण सुभक्तीला ते कसं लागलं हे मागाहून सांगता येईना. मग आणखी एक फोडलं, मग आणखी एक. रिबेका बिया थुंकत होती, पार कुंपणापर्यंत.

“लांब थुंकायची खोड गेली नाही तुझी,” सुभक्ती म्हणाली.

“तोंडावरनं वारं नाही गेलं, अक्का.”

सुभक्तीला हसू आलं. हसता हसता तिनं तोंडावर पदर घेतला आणि तो लवकर काढला नाही.

कडक फळं सगळीच चेपली होती. वेदीपुढं कुणी चेपलेलं ठेवत नाही. ती रिबेकाच्याच घरात, बाजरीच्या पोत्यात पिकायला घातली. पोत्याचं तोंड बांधायला दोन हात लागतात, म्हणून ते सुभक्तीनं बांधलं. सोडायलाही लागणार होते. ती निघताना रिबेका म्हणाली, तीन दिवसांनी बघावं लागेल. सुभक्ती म्हणाली, येते.

दुसऱ्या दिवशी कापणीची उपासना झाली. वेदीपुढं भोपळे होते, ऊस होता, कणसांच्या जुड्या होत्या. सुभक्तीच्या ठरलेल्या जागी नुसती फरशी दिसत होती. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. तिनं ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला सगळ्यांसमोर रित्या हातांनी उभं राहावं लागलं. रिबेका तिच्या शेजारी होती. गाण्याचं पुस्तक एकीच्या हातात होतं, पानं दुसरी उलटत होती.

दुपारी ती रिकामी पाटी घेऊन सलोमीबाईंकडं आली. चुंबळ परत करायची होती.

बाई बाजेवर पडून होत्या. सुभक्ती खाली बसली. जे झालं ते सगळं सांगितलं, खिडकीखालचंही सांगितलं.

“आत्याबाई काही परत येत नाहीत, बाई,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“तिचा हातही परत येत नाही. तो हात धड होता तेव्हा मी तो लावू दिला नाही…”

सुभक्तीनं रिकामी पाटी पुढं ओढली.

“आणि एवढं करून देवापुढं ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. एक फळ धड उरलं नाही. पाटी रिकामी.”

बाई उठून बसल्या. चुंबळ हातात घेतली, पीळ सोडला, तुकडा मांडीवर पसरून हातानं सारखा केला. त्याची घडी घातली.

“आणि बिया?” त्यांनी विचारलं. “बिया कुठं थुंकल्यात?”